रोळलेली माती

ओढ्याचं पाणी इतकं गार होतं, की दोन मिनिटांत हाताची बोटं माझी राहिली नाहीत. महिना जुलै. आमच्या आणे गावात या दिवसांत लोक आभाळाकडे बघत बाजरी पेरायची की थांबायचं याचा हिशेब मांडत असतात. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला ऐन हिवाळा होता. अंगात मुलाचा जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, पायात सुनेचे बूट, आणि अशा अवतारात मी, वय वर्षं ६६, ओढ्याकाठी उकिडवी बसून परातीत वाळू घोळत होते. शेजारी सात वर्षांचा नातू. त्याला सोनं हवं होतं. हवं मलाही होतं, पण तसं बोलून दाखवायचं वय उलटून गेलं होतं.

"आजी, तू फार जोरात हलवतेस," तो म्हणाला. त्याच्या शाळेची सहल इथे येऊन गेली होती, त्यामुळे तो स्वतःला या धंद्यातला जुना माणूस समजत होता.

इतक्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे कपडे घातलेला एक मार्गदर्शक आमच्या मागे येऊन उभा राहिला. अशी वेशधारी माणसं तिथे जागोजागी असतात. थोडा वेळ तो माझे हात बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, हे तुम्ही आधी कुठे केलंय? मी ३० वर्षं शाळेत शिकवलं, कामापुरतं इंग्रजी येतं. पण 'गहू रोळताना' याचं इंग्रजी मला जमेना. सुनेकडे पाहिलं. तिला मराठीतलंच रोळणं माहीत नव्हतं.

पिशवीतलं पीठ खाणाऱ्यांसाठी सांगायला हवं. खळ्यावरून धान्य घरी येई तेव्हा त्यात माती, काड्या, खडे सगळं असे. बाजरी-ज्वारीचं पाखडून आणि निवडून भागे. गहू मात्र सणाचा. पुरणपोळीसाठी, कुरडयांसाठी तो रोळला जाई. परातीत पाणी घ्यायचं, गहू टाकायचा आणि परात दोन्ही हातांनी हेलकावायची. कोंडा-काडी वर तरंगते, ती ओतून द्यायची. खडे तळाला बसतात. मग हेलकाव्याच्या लाटेलाटेने वरचा गहू दुसऱ्या भांड्यात उतरवत न्यायचा. शेवटी परातीच्या कडेला खडे आणि चार दाणे उरतात, ते कोंबड्यांना. आईचा हात यात असा बसलेला होता, की तिच्या कोंबड्यांच्या वाट्याला खडेच यायचे.

बॅलरॅटच्या ओढ्यात हीच क्रिया, फक्त उलटी. वरचं टाकायचं आणि तळ राखायचा. हाताच्या जुन्या सवयीने मी दोनदा तळच टाकून दिला. नातवाने कपाळाला हात लावला.

मेलबर्नपासून पश्चिमेला ११५ किलोमीटरवर बॅलरॅट. शहराच्या एका टेकडीवर सॉव्हरिन हिल नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. १९७० साली ते सुरू झालं. १८५०च्या दशकातलं खाणीचं गाव तिथे पुन्हा उभं केलं आहे. मातीचा रस्ता, घोडागाड्या, लोहार, मेणबत्त्या करणारा, उकळत्या पाकाच्या गोळ्या करणारा, आणि ठरावीक वेळेला लाल कोटातले शिपाई येऊन बंदुकीचे बार काढतात. सोन्याची एक वीट वितळवून पुन्हा साच्यात ओतून दाखवतात. तीच वीट, परत परत. सोनं १,०६४ अंशांना वितळतं; अंधाऱ्या खोलीत तो पातळ रस मुशीतून साच्यात पडला तेव्हा सगळे पाहुणे एकदम गप्प झाले. मागून एक आवाज आला, "अरे बापरे!" तोही मराठी. परदेशात हे असं होतंच.

ओढा मात्र निव्वळ देखावा नाही. त्यातल्या वाळूत खरं सोनं असतं, आणि ते कमी पडू नये म्हणून संग्रहालयवाले अधूनमधून वरून टाकतात. मार्गदर्शकाने हे हसत हसत सांगितलं. मला ते फार आवडलं. आमच्याकडे जत्रेत कुस्तीचा नारळ आधी ठरलेला असतो, पण तो तसा ठरलाय हे कुणी सांगत नाही.

परातीत सोनं थांबतं ते वजनामुळे. पाण्याच्या १९ पट जड, साध्या वाळूच्या सात पट. दहा लिटरची कळशी सोन्याने भरली तर १९३ किलो भरेल, दोन गडी लावूनही उचलायची नाही. म्हणून परात पाण्यात बुडवून गदागदा हलवली, की कण वाट काढत खाली सरकतो. त्याआधी चिखल मोडावा लागतो, कारण चिकणमातीच्या ढेकळात अडकलेला कण ढेकळाबरोबरच वाहून जातो. मग परात पुढे कलती धरायची आणि पाण्याच्या एकेका चुळकीने वरचे खडे, मग जाड वाळू, मग बारीक वाळू सोडत जायचं. सगळ्यात शेवटी काळी रेती उरते. ती लोहाची, जड, सोन्याच्या शेजारी बसायची सवय असलेली. तिची चंद्रकोर परातीच्या कडेला पसरते, आणि नशीब असेल तर कोरीच्या टोकाला पिवळं काही दिसतं.

तिसऱ्या परातीत दिसलं. मोहरीच्या टरफलाएवढं. ऊन नव्हतं तरी ते दिसत होतं. अभ्रक कलतं धरलं की विझतं, हे विझत नव्हतं. बोटाचं टोक टेकवून उचललं, पाणी भरलेल्या काचेच्या कुपीत टाकलं, आणि ते तळाशी जाऊन निपचित पडलं. नातवाला तोवर दोन मिळाले होते.

माझं गाव आणे. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं, की गुळुंचवाडीच्या पुढे आणे घाट चढावा लागतो, आणि वर पठार. घाटाजवळ ओढ्याने दगड आरपार कोरून केलेला नैसर्गिक पूल आहे, तो हल्ली लोक बघायला येतात. रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी त्याहून प्रसिद्ध: मोठाल्या कढयांत आमटी, आणि घराघरांतून आलेल्या भाकऱ्यांच्या राशी. जुन्नर तालुक्यात पाच धरणं आहेत. पाणी खाली आणि आम्ही वर, एवढंच आमच्या पठाराचं दुखणं.

आमच्या दगडात सोनं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांचा हा काळा पाषाण. सोन्याला लागतो तो फार जुना, दाबला-मोडलेला खडक आणि त्याच्या भेगांत गारेच्या शिरा. खोलातलं गरम पाणी त्या भेगांतून वर चढताना सोनं सोबत आणतं आणि गारेबरोबर तिथेच टाकून जातं. बॅलरॅटच्या पाटीच्या खडकांत आणि कोलारच्या २७० कोटी वर्षांच्या खडकात हे घडलं. आमच्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोट्या मिळतात, स्फटिक मिळतात. लहानपणी त्यातला जांभळट तुकडा सापडला की आम्ही त्याला हिरा म्हणायचो. तालुक्यातच बोरीला, कुकडीच्या काठी, राखेचा एक थर आहे. तिथून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्र्यात टोबा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला, त्याची ती राख मानतात. म्हणजे आमच्या ओढ्यांत सुमात्रा रोळून मिळेल, सोनं मिळायचं नाही.

तरी सोन्याचा आणि दगडाचा संबंध मी आण्यालाच पाहिला. १९७२चा दुष्काळ. मी १३ वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घण उचलणारी माणसं पुढे आणि हातोडी घेतलेल्या बायका मागे, ओळीने बसलेल्या. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी असे. दगड काळा आणि त्याची भुकटी पांढरी कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. सुकडी मिळायची, लाल मिलो मिळायचा. विहिरीत खाट सोडून माणूस तळाचं पाणी वाटीने भरायचा. आणि गळ्यातलं डोरलं एक दिवस तालुक्याला गेलं.

मी बरोबर होते. सोनाराने कसोटीवर डोरल्याची कडा ओढली; काळ्या दगडावर पिवळी रेघ उठली. शेजारी त्याने आपल्या सळईची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला, बघितलं, वजन केलं, गुंजा मोजल्या आणि आकडा सांगितला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ग्रॅम सरकारी पावतीवर होते, तोंडात गुंजाच होत्या. आईने आकड्यावर वाद घातला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "दगडावरची रेघ त्याच्याकडंच राहिली बघ."

रेघेचं वजन ते किती! पण कसाला लावताना रेघभर, डाग देताना कणभर, झाळताना थोडं, घासताना थोडं. सोनाराच्या हिशेबात त्याला 'घट' म्हणतात आणि ती गिऱ्हाइकाच्या माथी असते. डोरलं चार वर्षांनी सुटलं. तेच सुटलं, याचा आईला फार आनंद होता, कारण पुष्कळांचं सुटलं नाही.

बॅलरॅटला मला राहून राहून ती रेघ आठवत होती, आणि तिथला इतिहास त्या रेघेच्या बाजूने दिसत होता.

ऑगस्ट १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं. बातमी फुटल्यावर खलाशी जहाजं सोडून आले, मेंढपाळ मेंढ्या सोडून आले, मेलबर्नच्या कचेऱ्यांतले कारकूनही आले. सुरुवातीचं सोनं उथळ मातीत होतं. परात, फावडं आणि पाळण्यासारखी हलणारी लाकडी पेटी एवढ्यावर चालायचं. सरकारने महिना ३० शिलिंगांचा परवाना लावला. सोनं सापडो न सापडो, परवाना हवाच, आणि तो अंगावर हवा. भोकात उतरलेल्या, छातीभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला शिपाई वर बोलावून कागद मागायचे. कागद भिजला तरी दंड. पीक येवो न येवो, सारा भरायचाच, हे आपल्याला नवीन नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात. वाटेवर बसून मागणारा हात दोन हजार वर्षं तरी जुना आहे.

१८५४च्या नोव्हेंबरात खाणवाल्यांनी परवाने जाळले. युरेका नावाच्या जागी लाकडी मेढेकोट उभारला, दक्षिण आकाशातल्या ताऱ्यांचा क्रूस असलेला निळा झेंडा लावला. ३ डिसेंबरच्या पहाटे फौज चालून आली आणि लढाई अर्ध्या तासाच्या आत संपली. २० पेक्षा जास्त खाणवाले मेले, काही शिपाईही. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले आणि मेलबर्नच्या ज्युरीने तेराही सोडले. पुढच्या वर्षी महिन्याचा परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा हक्कनामा आला, आणि त्याच्याबरोबर मताचा अधिकार. बंडाचा पुढारी पीटर लालोर, ज्याचा एक हात त्या लढाईत गेला, नंतर विधिमंडळात बसला. फाटका झेंडा बॅलरॅटमध्ये जपून ठेवला आहे.

मला आपलं सुपं आठवलं. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या त्या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली, आणि ते लोण जिल्हाभर गेलं. तिथेही कागदच जाळले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला. मताचा हक्क मात्र त्यांच्या नातवंडा-पतवंडांना मिळाला. खापर कुणावर फोडायचं ते इतिहासकारांनी ठरवावं, मी फक्त तारखा शेजारी ठेवून बघत होते.

युरेकाच्या कथेत न मावणारे दोन पक्ष आहेत. एक वादावुरुंग लोक, ज्यांची ही जमीन, आणि ज्यांना परवाना विचारायला कुणी गेलं नाही. दुसरे चिनी. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड डोईपट्टी बसवली. मग जहाजं शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदराला लागू लागली, आणि तिथून ही माणसं खांद्यावर कावड घेऊन शेकडो किलोमीटर चालत खाणींवर आली. इतरांनी घाईघाईने टाकलेली माती त्यांनी पुन्हा धुतली आणि तिच्यातून सोनं काढलं. हे इतरांना खपलं नाही. सॉव्हरिन हिलच्या चिनी तंबूंपाशी मी जरा जास्त वेळ थांबले, तेव्हा नातू कंटाळून पाकाच्या गोळ्यांच्या दुकानाकडे गेला.

जमिनीखाली एक फेरी असते. छोट्या गाडीत बसवून उतारावरून अंधारात नेतात. १८५८ मध्ये कॉर्नवॉलच्या २२ खाणवाल्यांच्या टोळीला इथल्या बेकरी हिलखाली ५५ मीटरवर सोन्याचं एक ढेकूळ लागलं: वजन ६९ किलो. आपल्या मापाने सहा हजार तोळ्यांना थोडंच कमी. 'वेलकम नगेट' असं त्याचं नाव पडलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या टांकसाळीत ते वितळवून त्याची सॉव्हरिन नाणी पाडली. म्हणजे जगातलं असं एखादंच ढेकूळ मिळालं आणि माणसांनी त्याची सुटी मोड करून टाकली. आपण वारसांत पाटल्या मोडून वाटतो ते काय वेगळं!

वरचा गजबजाट बघून वाटतं, की हे सगळं केव्हाच संपलं. तसं नाही. शहराखाली २०२४ मध्येही सोन्याची खाण चालत होती, आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये खडक कोसळून तिथे एक कामगार मेला. मुलाने ही बातमी परतीच्या गाडीत सांगितली. खाणीत उतरल्यावर अंधाराचा खेळ म्हणून दिवे घालवतात तेव्हा नातू माझा हात धरून हसला होता, ते मला मग थोडं टोचलं.

चिनी तंबूंपाशी मला जुन्नर आठवलं होतं. तिथे नोकरी होती तेव्हा सकाळच्या शाळेला जाताना मला सराफकट्ट्यावर एक बाई दिसायची. दुकानं उघडायच्या आधी, कुंच्याने पायरी, गटाराची कड, फरशीची सांध झाडून माती पाटीत भरायची. झाडूवाली समजून मी काही दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही. एकदा एका सराफाच्या गड्याशी ती भाव करत होती, आतल्या खोलीतल्या केराचा, आणि भाव चांगला चढला होता. तेव्हा कळलं की ती झारेकरीण. केर विकत घेऊन सोनं काढणारी. झारेकऱ्यांचा हा पिढीजात धंदा. सोनाराच्या बैठकीखालचं पोतेरं, जुनी चटई, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, मुशीचे तुकडे, यातलं काहीही फुकट जात नाही.

एका रविवारी तिने मला दाखवलं. जळण्यासारखं जाळायचं, राख आणि माती कुटायची, चाळायची. चुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा काढायचा. मग पाणी, आणि तीच परात, तोच हेलकावा. गाळ उरला की पारा. सोन्याचे कण पाऱ्याला मिठी मारतात, फडक्यातून पिळलं की जादा पारा निघतो आणि मऊ गोळी हातात राहते. ती तापवली की उरलेला पारा उडून जातो. कुठे जातो, हे मी तेव्हा विचारलं नाही. तिची एक सून सतत खोकत होती. शेवटी तेजाबात तांबं-चांदी विरघळवून काढायची. एवढं करून जे उरायचं ते ती त्याच कट्ट्यावर नेऊन विकायची. सोनार ते घ्यायचा, आणि कसोटीवर एक रेघ ओढायचा.

आईच्या डोरल्याची घट अशा कुठल्यातरी पाटीतून गेली असणार. हे सुचलं तेव्हा मला का कोण जाणे बरं वाटलं.

बॅलरॅटहून आल्यावर पुढच्या जानेवारीत बंगळूरला एका लग्नाला गेले आणि तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणी बघून आले. 'केजीएफ' म्हटलं की आता लोकांना २०१८चा कन्नड सिनेमा आठवतो. खरी जागा सिनेमाहून शांत आहे. बंगारपेटहून मारिकुप्पमला गाडी जाते. वाटेत कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी खाणींच्या नावांची स्टेशनं. पहाटे हीच गाडी माणसांनी भरून बंगळूरकडे जाते आणि रात्री भरून परत येते, कारण गावात आता काम नाही.

शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत कोलार होतं. ज्या राजांचं कुटुंब १६३०च्या सुमाराला आमच्या शिवनेरीवर होतं, त्यांच्याच मुलखात पुढे हा सोन्याचा खडक आला. पण त्यांच्या काळी खोल खाणी नव्हत्या. १८०२ मध्ये म्हैसूरच्या सीमेची मोजणी करणारा लेफ्टनंट जॉन वॉरन इकडे आला. त्याने बक्षीस लावलं, तेव्हा उरगामच्या गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण काढून दाखवले. त्याच्या जुन्या अहवालावरून १८७१ मध्ये मायकेल लॅव्हेल नावाचा आयरिश माजी सैनिक बैलगाडीने कोलारला पोचला. तो न्यूझीलंडच्या लढाईतून आलेला होता, तिकडची सोन्याची हवा त्याच्या डोक्यात होती. १८८०नंतर जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने खाणी खोल नेल्या. १९०२ मध्ये कावेरीच्या शिवनसमुद्रम धबधब्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

खाण शेवटी तीन किलोमीटरहून खोल गेली. शिवनेरी उलटा खुपसला तरी तळ लागायचा नाही. खाली खडक हाताला भाजण्याइतका गरम, आणि दाबाने मधूनच फुटायचा. खाली उतरणारे बहुतेक तमिळ मुलखातून आलेले दलित मजूर. वर साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. या जागेला 'छोटं इंग्लंड' म्हणायचे. शंभर-सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं. शेवटी शेवटी टनभर दगडामागे जेमतेम तीन ग्रॅम, म्हणजे पाव तोळा, निघू लागलं आणि खर्चाची तोंडमिळवणी होईना. २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद झाली.

इथे कुणी परात हातात देत नाही. खाली जाता येत नाही. खाणीच्या तोंडावरचे लोखंडी सांगाडे गंजून उभे आहेत आणि त्यांच्या मागे डोंगर. करडे-पांढरे, वरून सपाट, पावसाने कोरलेले. डोंगर कसले, दळलेला दगड! सोनं काढण्यासाठी खडकाचं पीठ करून त्यावर सायनाइडचं पाणी फिरवत, आणि उरलेलं पीठ बाहेर टाकत. तीन कोटी टनांहून जास्त साठलं आहे. मला हिंडवणारा माणूस खाणकामगाराचा मुलगा. म्हणाला, उन्हाळ्यात वारा सुटला की हे घरात येतं, भातात येतं. खाणकामगारांच्या फुप्फुसांत तेच पीठ आधीच गेलेलं होतं. मी बूट झाडले तेव्हा पांढरी भुकटी उडाली. दगड काळा आणि भुकटी पांढरी. ५० वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न.

पण कोलारच्या त्या भोकाने एक वेगळीच रोळणी केली आहे, तीही सांगायला हवी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या साथीने खाणीत सव्वादोन किलोमीटरहून खोल यंत्रं लावली. आकाशातून सतत कणांचा वर्षाव होतो. त्यातले जवळजवळ सगळे तेवढ्या जाड खडकात अडकतात. जे अडकत नाहीत ते न्यूट्रिनो. सगळं धान्य चाळणीवर थांबावं आणि न दिसणारा एखादा कण खाली पडावा, तसं. १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची खूण तिथे सापडली. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या एका गटालाही ती मिळाली, तीही सोन्याच्या खाणीतच. आणि याच टाटा संस्थेच्या ३० प्रचंड तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आमच्या नारायणगावाजवळ खोडदला आणि आसपासच्या शिवारात आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत. हे मी मला हिंडवणाऱ्या त्या खाणकामगाराच्या मुलाला सांगितलं. त्याला खोडद माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने विचारलं, तिथे गावातल्या पोरांना काम मिळालं का? मी म्हटलं, काहींना.

मार्चमध्ये आण्याला गेले. पठारावर टँकर सुरू झाले होते. भावजय अंगणात कुरडयांच्या गव्हाला बसली होती. हा गहू घरचा, खालच्या शेतातला, खडेवाला. मी कुपी तिच्या हातात दिली. तिने ती उन्हात धरली, हलवली, डोळ्यांजवळ नेली.

"ताई, कुठंय?"

मी बोट दाखवलं. कण तळाला होता.

"एवढ्यासाठी विमानानं गेलात?" ती म्हणाली आणि कुपी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मग परात माझ्याकडे सरकवली. "हात लावा जरा. पाणी सांडू नका, म्हशीला घालायचंय."

मी रोळायला बसले. या खेपेला नीट आठवण ठेवून, वरचं राखायचं आणि तळ टाकायचा. गहू लाटेलाटेने उतरला. परात कलती करून मी तळ बघत बसले, तर तिने ती हातातून घेतली आणि खडे अंगणात कोंबड्यांपुढे फेकले.